नवशिक्याची साधने : अ‍ॅनिमेशनच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचा अभ्यास कोठून सुरू करावा

१. प्रश्नाचे स्वरूप

वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. येरळेच्या काठी, कमी पावसाच्या टापूत वसलेले हे गाव १९४२ च्या चळवळीतील हुतात्म्यांमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. अशा गावातून पदवी घेऊन येणारे विद्यार्थी अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. अ‍ॅनिमेशनचे काम ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते आम्हांस शिकावयाचे आहे. आमच्याजवळ मार्गदर्शक नाही. तेव्हा साधने कोणती घ्यावीत आणि आरंभ कोठून करावा?

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. संगणकावर दोन शब्द टंकित केले की हजारो पाठ समोर येतात, मग शोधावयाचे ते काय राहिले, असे कोणी म्हणेल. परंतु अडचण नेमकी येथेच आहे. हजारो पाठांपैकी पहिला कोणता, हे ज्यास आधीच विषय ठाऊक आहे त्यासच सांगता येते. आणि नवशिका तर तेच जाणत नसतो. मग तो दोहोंपैकी एक वाट धरतो. एक तर घरच्यांनी कर्ज काढून दिलेली फी भरून शहरातील एखाद्या क्लासमध्ये दाखल होतो. किंवा मिळेल तो पाठ उघडतो, मध्येच सोडतो, दुसरा उघडतो, आणि सहा महिन्यांनी ‘हे आपल्याला जमणारे नव्हे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. पहिल्या वाटेत पैसा जातो. दुसरीत आत्मविश्वास जातो, आणि ही हानी अधिक मोठी आहे. कारण पुष्कळदा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नसून साधनांच्या क्रमाचा असतो.

प्रस्तुत लेखात हा क्रम कसा लावावा याचे विवेचन करावयाचे आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : नवशिक्याने साधन निवडताना ‘यात किती माहिती आहे’ हे न पाहता ‘याच्या साहाय्याने एक लहान काम माझ्या हातून पुरे होईल काय’ हे पाहावे, आणि सॉफ्टवेअरचे शिक्षण व गतीच्या निरीक्षणाचे शिक्षण या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालवाव्यात.

२. तीन पूर्वोदाहरणे

नवे यंत्र, अपुरी साधने आणि गुरूचा अभाव ही परिस्थिती महाराष्ट्रास नवी नाही. आपल्या चित्रपटाचा उगमच तीतून झालेला आहे.

दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्या विद्येचा ध्यास घेतला. त्यांची पहिली साधने म्हणजे चलच्चित्रणाचे एक प्राथमिक पुस्तक, एक लहानसा कॅमेरा आणि लंडनहून येणारे ‘बायोस्कोप’ हे नियतकालिक. एवढ्यावर जितके समजेल तितके समजून घेतल्यानंतर १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले. ‘बायोस्कोप’चे संपादक केबर्न यांच्या ओळखीने ते सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत गेले, तेथील काम त्यांनी पाहिले, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ते परतले. परदेशातील वास्तव्य फार थोडे होते. तरी ते पुरले, कारण काय विचारावयाचे हे पुस्तकांनी व हातच्या प्रयोगांनी आधीच निश्चित झालेले होते. शिवाय रेखाटन, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग या विद्या त्यांच्या अंगी पूर्वीच मुरलेल्या होत्या.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. परत आल्यावर फाळके यांनी एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला नाही. आधी त्यांनी वाटाण्याचे बी रुजत घालून त्याच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले आणि रोपाची मंद वाढ क्षणार्धात घडताना दाखविली. हा ‘अंकुराची वाढ’ नावाचा लघुपट म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःस घालून घेतलेला पहिला धडा होय. विषय लहान, खर्च अल्प, आणि काम पुरे झालेले. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्या एकेक चौकटीगणिक हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. भारतातील अ‍ॅनिमेशनच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः येथून मानतात. १९१७ मध्ये तर त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा चित्रपट काढला आणि त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमालाही लिहिली. ज्यास शिकण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागले त्याने पाच-सहा वर्षांतच इतरांसाठी मराठीतून साधने निर्माण केली. हा भाग सहसा दुर्लक्षिला जातो. त्याकडे आपण अखेरीस पुन्हा वळू.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंजवळ कॅमेरा नव्हता. त्यांनी प्रक्षेपणयंत्र मिळविले, ते उघडून त्याची रचना समजून घेतली आणि तिच्या आधारे स्वतःचा कॅमेरा घडविण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनी १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला. ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. फाळके यांची वाट ग्रंथाची, तर पेंटर बंधूंची वाट तयार वस्तू उघडून पाहण्याची.

तिसरे उदाहरण गुरूचे आहे. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग उभारताना डिस्नेच्या चित्रशाळेतील क्लेअर वीक्स यांस पाचारण करण्यात आले. त्यांच्या हाताखाली तरुणांचा एक लहान गट तयार झाला आणि १९५७ मध्ये जातककथेवर आधारलेला ‘द बॅनियन डीअर’ हा लघुपट निघाला. या गटातील राम मोहन यांचे शिक्षण मूळचे रसायनशास्त्राचे. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनमधील अग्रणी म्हणून त्यांचे नाव झाले. येथे शिक्षणाचे मुख्य साधन होते ते केलेले काम पाहून चूक दाखविणारा जाणता डोळा.

ग्रंथ, उघडलेली वस्तू आणि चूक दाखविणारा गुरू : ही तीन साधने शंभर वर्षांत बदललेली नाहीत, फक्त त्यांची रूपे बदलली आहेत. आजच्या विपुलतेत ती ओळखून घेणे हेच नवशिक्याचे पहिले काम.

३. सॉफ्टवेअरची निवड

साधनांचा विचार करण्यापूर्वी सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न सोडविला पाहिजे. त्रिमितीय कामासाठी मोठ्या चित्रशाळांतून ऑटोडेस्कचे ‘माया’ प्रचलित आहे. द्विमितीय कामासाठी ‘टून बूम हार्मनी’. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही वर्गणीवर मिळतात. विद्यार्थ्यांना ‘माया’ शैक्षणिक परवान्यावर विनामूल्य वापरता येते. मात्र त्या परवान्यावर केलेले काम व्यवसायासाठी वापरता येत नाही, आणि विद्यार्थिदशा संपली की परवानाही संपतो. यातील धोका आरंभी लक्षात येत नाही. दोन वर्षे खपून केलेल्या स्वतःच्याच फायली पैसे भरल्यावाचून उघडता येऊ नयेत, असा प्रसंग ज्याच्यावर ओढवतो त्यालाच त्याची बोच कळते.

याउलट ‘ब्लेंडर’ची गोष्ट. टॉन रोजेंडाल या डच गृहस्थाने १९९४ मध्ये आपल्या चित्रशाळेच्या उपयोगासाठी ही प्रणाली लिहावयास घेतली. पुढे तिच्यासाठी काढलेली कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सुमारे सात आठवड्यांत एक लाख युरो जमविले आणि प्रणालीचे हक्क सोडवून घेतले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली आहे. ती विनामूल्य आहे. तिजवर केलेले काम विकण्यास कोणतीही आडकाठी नाही. विनामूल्य म्हणजे हलक्या प्रतीचे, हा समजही आता टिकण्यासारखा नाही. लाटव्हियाचे दिग्दर्शक गिंत्स झिलबालोदिस यांचा संपूर्णपणे ब्लेंडरवर तयार झालेला ‘फ्लो’ हा चित्रपट २०२५ मध्ये ऑस्करचा मानकरी ठरला.

द्विमितीय कामासाठी ‘सिनफिग’, ‘पेन्सिल टू-डी’ आणि ‘ओपनटून्झ’ हीही मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. पैकी ‘ओपनटून्झ’ ही जपानच्या जिब्ली चित्रशाळेत वापरात असलेल्या प्रणालीची २०१६ मध्ये खुली झालेली आवृत्ती होय. ज्याच्याजवळ जुना, साधा संगणक आहे त्याने ब्लेंडरच्या मागे न लागता ‘पेन्सिल टू-डी’पासून आरंभ करावा, हे बरे. ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्यांना बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते. ते नसेल तर यंत्र अडखळते आणि विद्यार्थी आपलाच हात अडखळतो असे समजतो.

येथे शंका अशी येईल की, नोकरी ‘माया’वर चालत असता ब्लेंडर शिकण्यात वेळ दवडावा काय? उत्तर असे की, टाइमलाइन, की-फ्रेम, ग्राफ, सांगाड्याची जुळणी या कल्पना सर्व प्रणालींत समान आहेत. ज्यास एकीत चालणारा माणूस दाखविता येतो त्यास दुसरीतील बटणे शिकण्यास काही आठवडे पुरतात. ज्यास बटणे येतात पण चाल दाखविता येत नाही, त्यास दोन्ही सारख्याच परक्या.

४. आजची साधने

पहिला वर्ग मुद्रित पाठांचा. त्यांत मराठी विद्यार्थ्याने प्रथम दखल घ्यावी ती मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाची. केंद्र सरकारच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरवरील लहान लहान पाठ तयार करण्यात आले आहेत. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा, गुरूवाचून शिकणाऱ्याच्या सोयीने बेतलेला. ब्लेंडर, सिनफिग, तसेच चित्रकामाची जिंप व इंकस्केप ही सॉफ्टवेअरे त्यात येतात. या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की, पडद्यावरील अक्षरे इंग्रजीच राहतात आणि निवेदन मात्र भारतीय भाषांत, मराठीतही, ऐकावयास मिळते. यामागील योजना विचारपूर्वक केलेली आहे : विद्यार्थ्यास पुढे काम इंग्रजी पडद्यावरच करावयाचे आहे, त्यास पडदा ओळखीचा व्हावा, पण समजूत स्वभाषेत पटावी. पाठ शिकण्याची रीतही प्रकल्पानेच घालून दिली आहे. पडद्याच्या एका बाजूस पाठ, दुसऱ्या बाजूस सॉफ्टवेअर. एक कृती ऐकावी, पाठ थांबवावा, ती कृती स्वतः करावी, मग पुढे जावे. नुसते पाहत राहणाऱ्यास सर्व काही समजल्याचा भास होतो आणि संगणकापुढे बसताच हात थबकतो. या भासापासून वाचण्याचा हा एकच उपाय आहे.

दुसरा वर्ग मार्गदर्शिकेचा. ब्लेंडरची अधिकृत मार्गदर्शिका संकेतस्थळावर तर आहेच, परंतु ती संपूर्ण उतरवून घेऊन इंटरनेटवाचूनही वाचता येते. जेथे वीज व जोडणी यांचा भरवसा नाही तेथे ही सोय मोलाची. मार्गदर्शिका हा कोश आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. ती पहिल्या पानापासून वाचावयास घेणे म्हणजे शब्दकोश वाचून भाषा शिकू पाहणे होय. एखादी अडचण आली की तेवढेच प्रकरण उघडावे.

तिसरा वर्ग, आमच्या मते सर्वांत उपेक्षित, खुल्या चित्रपटांचा. ब्लेंडर फाउंडेशनने ‘एलिफंट्स ड्रीम’ (२००६), ‘बिग बक बनी’ (२००८), ‘सिंटेल’ (२०१०) असे लघुपट काढले आणि चित्रपटांबरोबर त्यांच्या मूळ फायलीही प्रसिद्ध केल्या. पात्राचा सांगाडा कसा जोडला आहे, डोळ्याची पापणी कोणत्या दोरीने हलते, की-फ्रेम किती अंतरावर आहेत, हे सर्व विद्यार्थ्यास उघडून पाहता येते. पेंटर बंधूंना प्रक्षेपणयंत्र मिळवून उघडावे लागले. आजच्या विद्यार्थ्यास ते उघड्या स्थितीतच हाती मिळते. तथापि हे साधन पहिल्या महिन्यातले नव्हे. ज्याने स्वतः एखादा साधा सांगाडा जोडलेला नाही त्यास या फायली म्हणजे दोऱ्यांचा गुंता वाटेल.

चौथा वर्ग मूळ कलेच्या ग्रंथांचा. प्रेस्टन ब्लेअर यांचे अ‍ॅनिमेशनवरील पुस्तक, फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांचा १९८१ मधील ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’, आणि रिचर्ड विल्यम्स यांचा २००१ मधील ‘द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ हे तीन ग्रंथ कोणत्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून नाहीत. म्हणून ते शिळे होत नाहीत. महाविद्यालयीन ग्रंथालयास या विषयावर एकच ग्रंथ घेणे शक्य असेल तर तिसरा घ्यावा. त्यातील इंग्रजी सोपी आहे आणि विवेचनाचा मोठा भाग चित्रांनीच होतो.

५. चेंडूचा धडा

सॉफ्टवेअर व गतिनिरीक्षण ही दोन्ही अंगे बरोबरीने का शिकावीत, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अ‍ॅनिमेशनच्या सर्व शाळांतून पहिला धडा असतो तो उसळणाऱ्या चेंडूचा. चित्रपट सेकंदास चोवीस चौकटींनी चालतो. समजा, पहिल्या चौकटीत चेंडू हातातून सुटला आणि तेराव्या चौकटीत जमिनीस लागला. म्हणजे पडण्यास अर्धा सेकंद लागला. अर्ध्या सेकंदात वस्तू सुमारे सव्वा मीटर खाली येते, अर्थात छातीच्या उंचीवरून सोडलेल्या चेंडूस हे माप बरोबर लागू पडते.

आता नवशिका काय करतो ते पाहा. तो पहिल्या चौकटीत चेंडू वर ठेवून की-फ्रेम नोंदवितो, तेराव्या चौकटीत खाली ठेवून दुसरी नोंदवितो, आणि मधल्या स्थिती सॉफ्टवेअरवर सोपवितो. ब्लेंडर आपल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे आरंभी गती हळूहळू वाढवितो आणि अखेरीस हळूहळू कमी करतो. परिणामी चेंडू सातव्या चौकटीत बरोबर निम्म्या उंचीवर येतो आणि जमिनीजवळ येताच मंदावतो. जणू तो पाण्यात बुडत आहे. प्रत्यक्षात काय घडते? पडण्याचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकूण उंचीचे सोळा भाग केले तर चौथ्या चौकटीत चेंडू एक भाग, सातव्या चौकटीत चार, दहाव्या चौकटीत नऊ आणि तेराव्या चौकटीत सोळाही भाग उतरलेला असतो. लागोपाठच्या अंतरांचे प्रमाण १, ३, ५, ७ असे पडते. मध्यावर चेंडू निम्मा नव्हे, जेमतेम चतुर्थांश उतरलेला असतो, आणि जमिनीस लागताना त्याचा वेग सर्वाधिक असतो.

दुरुस्ती सोपी आहे. ग्राफ एडिटर नावाच्या खिडकीत काळ आडव्या अक्षावर व उंची उभ्या अक्षावर मांडलेली असते. जमिनीच्या बिंदूपाशी सपाट झालेली रेषा तेथे तीक्ष्ण टोकाची करावयाची, एवढेच. पण ही दुरुस्ती करण्याची इच्छा होण्यापूर्वी काही तरी चुकले आहे हे डोळ्यास दिसले पाहिजे. सॉफ्टवेअरचा कोणताही पाठ तो डोळा देत नाही. बटण कोठे आहे हे पाठ सांगतो; बटण केव्हा दाबावयाचे हे चेंडू सांगतो. ज्याने अंगणात चेंडू टाकून, मोबाइलवर त्याचे चित्रण करून, एकेक चौकट पुढे सरकवून कागदावर ठिपके मांडले आहेत, त्यास ग्राफ एडिटर एका दुपारी समजतो. ज्याने तसे केले नाही त्यास ती खिडकी वर्षभर अनोळखी राहते.

६. जुने पाठ आणि नवी आवृत्ती

नवशिक्यास निराश करणारी एक विशिष्ट अडचण येथे सांगणे अवश्य आहे. ब्लेंडरच्या २.८० या आवृत्तीने २०१९ च्या जुलैमध्ये पडद्याची सारी मांडणीच बदलली. तत्पूर्वी वस्तू निवडण्यासाठी माउसचे उजवे बटण दाबावे लागे. नंतर डावे झाले. खिडक्यांच्या जागा बदलल्या, चिन्हे बदलली. त्यामुळे त्यापूर्वी तयार झालेले पाठ, आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’चे ब्लेंडरवरील जुने पाठही त्यांतच येतात, आजच्या पडद्याशी जुळत नाहीत. प्रस्तुत लेखकाने स्वतः आरंभी असा एक जुना पाठ नव्या आवृत्तीवर गिरविण्यात चार दिवस घालविले. पाठातील निवेदक ज्या चिन्हावर बोट ठेवीत होता ते चिन्ह पडद्यावर नव्हतेच. आणि आपल्या यंत्रात बिघाड आहे, अशी समजूत करून घेऊन सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा बसविले.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की, पाठ सुरू करण्यापूर्वी तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे पाहावे आणि तीच आवृत्ती वापरावी. ब्लेंडरच्या जुन्या आवृत्त्या अधिकृत संकेतस्थळावर जतन केलेल्या आहेत आणि नव्या आवृत्तीशेजारी त्या निर्धोकपणे ठेवता येतात. मराठी निवेदनासाठी जुनी आवृत्ती बसवून प्राथमिक कल्पना पक्क्या कराव्यात आणि मग नवीकडे वळावे, हा मार्ग लांबचा असला तरी इंग्रजी निवेदनाने बिचकणाऱ्यास तो सुकर होतो. दुसरा उपाय असा की, टिपणवहीत बटणांची नावे न लिहिता कृतीचा हेतू लिहावा. ‘उजव्या कोपऱ्यातील तिसरे चिन्ह’ ही नोंद पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरेल. ‘दोन स्थितींमधील गतीचा चढउतार बदलणे’ ही नोंद कोणत्याही आवृत्तीत उपयोगी पडेल.

७. परिसरातील निरीक्षणसाधने

गतीचे निरीक्षण शिकावयाचे, तर त्यासाठी शहरास जाण्याचे कारण नाही. वडूजच्या विद्यार्थ्याजवळ या बाबतीत शहरी विद्यार्थ्यापेक्षा अधिक भांडवल आहे.

खटाव तालुक्यातच औंध आहे. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर आदींची चित्रे आणि हेन्री मूर यांचे शिल्प पाहावयास मिळते. देहाचा तोल, वस्त्राची घडी, एका पायावर पडलेला भार यांचे रेखाटन करण्यास असे स्थळ दुर्मिळ. याहून आमच्या विषयास जवळची गोष्ट म्हणजे याच राजांनी ज्याचा आयुष्यभर प्रसार केला तो सूर्यनमस्कार. लुईझ मॉर्गन यांच्या साहाय्याने १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच नमस्काराच्या दहा स्थितींचा निर्देश आहे. अ‍ॅनिमेशनच्या परिभाषेत ही दहा स्थितींची मालिका म्हणजे दहा मुख्य स्थिती. त्यांच्या मधील हालचाल म्हणजे मध्यस्थिती. स्वतः नमस्कार घालून कोणत्या स्थितीत किती श्वास थांबतो, कोठे देह वेगाने जातो आणि कोठे रेंगाळतो, हे मोजावे. मग तेच दहा स्थितींत संगणकावर मांडावे. याहून चांगला दुसरा अभ्यास सुचविता येणार नाही.

गाडीस जुंपलेल्या बैलाची चालही अशीच अभ्यासण्याजोगी. चालताना चौपायी जनावर एका बाजूचा मागला पाय, मग त्याच बाजूचा पुढला, मग दुसऱ्या बाजूचा मागला, अखेरीस त्याच बाजूचा पुढला, अशा क्रमाने पाय टाकते. लहानपणापासून बैल पाहिलेल्या मुलासही कागदावर हा क्रम प्रथम चुकतो. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली तोवर चित्रकारही घोड्याची दौड चुकीचीच काढीत होते. मायणीच्या तलावावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांचे उड्डाण हा पुढचा धडा.

८. क्रमाची रूपरेषा

वरील विवेचनावरून सोळा आठवड्यांचा एक क्रम सुचविता येतो. रोज दीड तास हाती आहे असे यात गृहीत धरले आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत संगणकास हात लावू नये. मोबाइल एका जागी स्थिर टेकवून आगकाड्या, चिंचोके किंवा खडे एकेक चौकट सरकवीत दहा सेकंदांचे चित्रण करावे. सेकंदास बारा चौकटी धरल्या तर एकशेवीस छायाचित्रे लागतील. चौकट म्हणजे काय आणि सेकंद किती लांब असतो, हे याच कामात अंगवळणी पडते.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एकच पाठमाला निवडावी व ती अखेरपर्यंत न्यावी. दुसरी उघडू नये. सोबत चेंडूचा धडा तीन प्रकारांनी करावा : रबरी चेंडू, क्रिकेटचा चेंडू आणि फुगा. तिन्हींचा आकार सारखाच ठेवावा, म्हणजे फरक केवळ गतीने दाखवावा लागेल.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात लंबक, शेपटी, पिठाचे पोते यांसारख्या साध्या वस्तू, आणि त्यानंतर माणसाची चाल. या काळात विल्यम्स यांचे चालीवरील प्रकरण हाताशी असावे. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात स्वतः एक साधा सांगाडा जोडावा. तो जमल्यावरच खुल्या चित्रपटांतील एखादी फाइल उघडून आपला सांगाडा त्याच्याशी ताडून पाहावा. उरलेल्या तीन आठवड्यांत वीस सेकंदांचा एक लघुपट पुरा करावा. त्यात पात्र एक, जागा एक, कृती एक. तो चांगला होणार नाही. तो पुरा झाला पाहिजे.

क्लासची फी भरावी काय, या प्रश्नाचे उत्तर या सोळा आठवड्यांनंतर द्यावे. तोवर विद्यार्थ्यास आपली आवड खरी आहे काय हे कळलेले असते, आणि शिक्षकास काय विचारावयाचे हेही. फाळके यांस लंडनला पोहोचताना ते कळले होते तसेच.

९. उपसंहार

तीन साधनांपैकी ग्रंथ व उघडी वस्तू ही दोन आज विनामूल्य आहेत. तिसरे, म्हणजे चूक दाखविणारा डोळा, मात्र अजूनही दुर्मिळ आहे, आणि ते कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवून घेता येत नाही. ते निर्माण करणे हे आपल्यासारख्या विभागांचे काम आहे. त्यासाठी अ‍ॅनिमेशनचा पारंगत अध्यापकच हवा असे नाही. पदार्थविज्ञानाचा अध्यापक चेंडूची चूक सांगू शकतो, शारीरिक शिक्षणाचा चालीची, चित्रकलेचा तोलाची. महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांनी आपले दहा-दहा सेकंदांचे काम पडद्यावर दाखवावे आणि या मंडळींनी त्यावर बोलावे, एवढी योजना कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयास झेपण्यासारखी आहे.

दुसरे कार्य परिभाषेचे. मुख्य स्थिती, मध्यस्थिती, कालमान, अंतरविभाग, मंदारंभ, मंदान्त अशा संज्ञा ठरवून त्यांचा छोटा कोश करावा. इंग्रजी शब्द हटविणे हा त्याचा हेतू नव्हे, कारण पडद्यावर तेच राहणार आहेत. मराठी शब्दाने कल्पना समजली की पडद्यावरील इंग्रजी शब्द ही केवळ एक खूण उरते. कल्पनाच समजली नसेल तर तो शब्द भिंत होतो. नव्या आवृत्तीस जुळतील असे मराठी पाठ आज थोडेच आहेत. जे विद्यार्थी वरील क्रम पुरा करतील त्यांनीच, शिकताना आपण कोठे अडलो हे ताजे आठवत असता, पाच-पाच मिनिटांचे असे पाठ तयार करावेत. फाळके यांनी १९१७ मध्ये नेमके हेच केले होते. वडूजच्या विद्यार्थ्याने पहिला लघुपट पुरा केल्यावर दुसरा असा शिकविण्याचा करावा. मग त्याच्या मागून येणाऱ्यास आरंभ कोठून करावा हा प्रश्न इतका बिकट वाटणार नाही.